लाट जिथवर पोचते: इद्रा बेटावरच्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

मोजणीला सुरुवात. बेट ग्रीसमधले इद्रा, इंग्रजी नकाशांत हायड्रा. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून जलद बोटीने दीड-दोन तास. जागा मुख्य बंदराच्या पश्चिमेला, कामिनी आणि व्लिखोस या दोन वस्त्यांच्या मधे. जमीन ११ स्त्रेमा. इथे स्त्रेमा म्हणजे हजार चौरस मीटर, तेव्हा आपल्या हिशेबात पावणेतीन एकरांना थोडी कमी. दोन मजली दगडी घर, तोंड उत्तरेला, समुद्राकडे. मागे डोंगराच्या अंगाने चढत गेलेली टप्प्याटप्प्यांची जमीन, तिच्यात जुनी ऑलिव्हची झाडे आणि थोडे कॅरोब. खाली पाण्यालगत नावा ओढून ठेवायची दगडी खोपी आणि तिच्यासमोर निम्मा ढासळलेला धक्का. खोपी आणि घर यांच्या मधून एक पायवाट जाते. त्या वाटेवरून सकाळपासून लोक ये-जा करत होते, आणि आमचा तिवई लावलेला टोटल स्टेशन (कोन आणि अंतरे मोजायचे यंत्र) बघून प्रत्येक जण थांबून विचारत होता, ‘वाट बंद होणार का?’

बेटावर गाड्या नाहीत. कचऱ्याचे ट्रक, अग्निशमन आणि रुग्णवाहिका एवढे सोडले तर मोटार दिसत नाही. माथेरानचा माणूस इथे लगेच रुळेल. यंत्र, तिवई, पाण्याच्या बाटल्या सगळे खांद्यावरून.

मालकीणबाई मूळच्या अथेन्सच्या, आता लंडनला राहतात. त्यांची मागणी अशी: घराची दुरुस्ती, खोपीत पाहुण्यांसाठी खोली, दहा मीटरचा पोहण्याचा तलाव, धक्का नव्याने बांधून त्यावर स्वतःची बोट, आणि पायवाटेला दोन्हीकडून फाटक. घर विकणाऱ्या दलालाच्या माहितीपत्रकात ‘खाजगी समुद्रकिनाऱ्यासह इस्टेट’ असे ठळक छापले आहे. त्यातला ‘खाजगी’ हा शब्द महाग पडणार आहे, हे मला अलिबागची असल्यामुळे लगेच दिसले.

२० नोव्हेंबर, सोमवार

दिवस कागदांत गेला. भूमापन नोंदणीचे काम ग्रीसमध्ये अजून सगळीकडे पुरे झालेले नाही. त्यामुळे जुन्या खरेदीखतांवर भिस्त. या जमिनीच्या खतांत चतुःसीमा आपल्याकडच्यासारख्याच: पूर्वेस अमक्याच्या वारसांची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस डोंगर, उत्तरेस समुद्र.

‘उत्तरेस समुद्र’ वाचून माणसाला वाटते की आपली जमीन पाण्याला टेकते. तसे नसते. मधे एक पट्टा आहे, त्याला ग्रीक कायद्यात एयिआलोस म्हणतात. तो पट्टा कोणाच्याच मालकीत जात नाही. विकता येत नाही, वहिवाटीने मिळत नाही, कुंपण घालून अडवता येत नाही. २००१ च्या २९७१ क्रमांकाच्या कायद्यात व्याख्या दिली आहे: लाटा सर्वांत वर चढतात, पण नेहमीच्या चढण्याने, तिथवर भिजणारी जमीन. त्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला, आणखी एक पट्टा आखता येतो, जास्तीत जास्त ५० मीटरचा, जमीन आणि समुद्र यांची ये-जा राहावी म्हणून.

आपल्याकडे सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, सारे गणित भरतीरेषेवर चालते, कारण कोकणात समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि जातो, आणि उधाणाच्या दिवशी मुंबईला साडेचार मीटरच्या पुढे चढतो. भूमध्य समुद्राला भरती जवळजवळ नाहीच, बहुतेक ठिकाणी वीत-दोन वीत. म्हणून इथे भरती मोजून उपयोग नाही, लाट मोजावी लागते. तीही हिवाळ्याची. हे आजचे नाही. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला सम्राट जस्टिनियनने जी कायद्याची पाठ्यपोथी करवून घेतली, तिच्यात हेच लिहिले आहे: हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट जिथवर धावते तो किनारा, आणि किनारा सर्वांचा. पुढे राज्ये बदलली, तुर्क आले, गेले, पण व्याख्या टिकली. मला या कामातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते, आणि मालकीणबाईंना बहुधा सर्वांत नावडती वाटेल.

सरकारने हवाई छायाचित्रांवरून आखलेली प्राथमिक रेषा मिळाली. ती आमच्या नकाशावर बसवली. सगळे सहनिर्देशक इथल्या १९८७ च्या राष्ट्रीय प्रणालीत द्यावे लागतात. रेषा खोपीच्या भिंतीला चाटून जाते आहे. खोपीच्या आतून की बाहेरून, हे पडद्यावर ठरणार नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

अंगणातल्या फरशीखाली टाके सापडले. सापडले म्हणजे गवंड्याला ठाऊकच होते, आम्हाला आज दाखवले. (त्याला सगळे ‘मास्तोरा’ म्हणतात, मीही तेच म्हणते. मूळचा अल्बेनियाचा, तीसेक वर्षे बेटावर. ग्रीसमधल्या दगडकामावर आज असे कितीतरी हात आहेत.) झाकणाचा दगड दोघांनी पहारीने सरकवला. आत कमानीचे छत, तळाशी गुडघाभर गाळ, भिंतींवर गुलाबी गिलावा. बॅटरी फिरवली तेव्हा तो गुलाबी रंग बघून मी ओळखले: सुरखी. भाजलेल्या विटांची पूड चुन्यात कालवलेली, पाणी धरून ठेवणारी. रायगडावरच्या टाक्यांची आठवण मी मास्तोराला सांगणार होते, पण त्याने आधीच खाली शिडी सोडली होती.

आतून माप: ४.२ मीटर लांब, ३.६ रुंद, ३.५ खोल. भरले तर सुमारे ५३ हजार लिटर.

आता गणित. या भागात वर्षाला पाऊस साधारण ४०० मिलिमीटर, तोही बहुतेक ऑक्टोबर ते मार्च. छप्पर आणि गच्ची मिळून पाणी गोळा करणारे क्षेत्र १८० चौरस मीटर. वाया जाणारे पाचव्या हिश्शाने धरले तर वर्षाला ५७-५८ हजार लिटर. म्हणजे ज्याने हे टाके बांधले त्याने छप्पर आणि पाऊस दोन्ही मोजून बांधले होते. आणि मालकीणबाईंचा तलाव, दहा बाय चार मीटर, सरासरी १.४ मीटर खोल: ५६ हजार लिटर. तलाव एकदा भरायला घराचे वर्षभराचे पाणी. वर उन्हात उडून जाणारे वेगळे.

इद्राला एके काळी झरे होते, म्हणे म्हणूनच नाव पडले. आता नाहीत. बरीच वर्षे मुख्य भूमीवरून जहाजाने पाणी आणत. आता खाऱ्या पाण्यातले मीठ काढणारा प्रकल्प आहे, बिले मात्र बघण्यासारखी येतात. हा आकडा ई-मेलमध्ये दोन ओळींत लिहून पाठवला. तलावाविरुद्ध एक शब्दही लिहिला नाही.

११ जानेवारी २०२४, गुरुवार

ईशान्येचा वारा, जोर बोफर्ट मापावर आठ, म्हणजे वादळी. बंदर अधिकाऱ्यांनी बोटी थांबवल्या, त्यामुळे आम्ही बेटावरच अडकलो. अडकलो ते बरे झाले, याच दिवसाची वाट होती.

पहाटेपासून लाटा तिरक्या येत होत्या. पश्चिमेकडच्या खडकांवर नुसता फेस, पण खोपीपुढच्या गोट्यांच्या उतारावर पाणी सरळ वर चढत होते आणि उतरताना गोट्यांचा खडखडाट करत होते. आम्ही काल संध्याकाळी उतारावर दर अर्ध्या मीटरला दगडांवर रंगाचे ठिपके मारून ठेवले होते. कुठला ठिपका भिजला हे छायाचित्रांत टिपत गेलो. दुपारी पाणी खोपीच्या उंबरठ्यावरून आत गेले आणि दुसऱ्या पायरीपर्यंत पोचले.

‘हे नेहमीचे की यंदाच?’ मी मास्तोराला विचारले. कायद्यातली कळ तिथेच आहे. शंभर वर्षांतून एखादे वादळ धरायचे नाही, नेहमीची मोठी लाट धरायची.

‘मुली, मी या बेटावर आल्यापासून एकही हिवाळा असा गेला नाही की दुसरी पायरी ओली झाली नाही. तिसरी मी कधी ओली पाहिली नाही.’

त्याचे म्हणणे नोंदवले, पण नुसत्या शब्दावर रेषा ठरत नाही. खुणा आणखी हव्यात. खडकावरचा काळा बुरशीसारखा पट्टा जिथे संपतो ती एक खूण. क्रितामो नावाची मांसल पानांची खारट वनस्पती उगवते ती दुसरी. तिचे इथे लोणचे घालतात, ऊझो या इथल्या बडीशेपी दारूबरोबर छान लागते. आणि वाळलेल्या समुद्रगवताचा थर जिथे साचतो ती तिसरी. हे पोसिडोनिया नावाचे गवत समुद्रतळावर कुरणासारखे वाढते, वादळात त्याची पाने किनाऱ्यावर येऊन ढीग होतात. पर्यटकांना ती घाण वाटते. वस्तुतः हे ढीग किनाऱ्याची वाळू-गोटे वाहून जाण्यापासून वाचवतात, आणि ते कुरण युरोपीय संघाच्या अधिवास कायद्यात प्राधान्याने जपायच्या यादीत आहे. नव्या धक्क्याच्या खाली तेच कुरण आहे, हेही आज पाण्याच्या रंगावरून दिसले.

१२ जानेवारी, शुक्रवार

वारा उतरला. सकाळीच सगळ्या खुणा यंत्राने मोजून घेतल्या. पूर्वेकडे आमची रेषा सरकारी प्राथमिक रेषेच्या समुद्राकडे येते, पश्चिमेकडे आत सरकते. खोपी जवळजवळ मधोमध चिरली जाते: पुढची बाजू सर्वांची, मागची मालकीणबाईंची. घराचा सर्वांत जवळचा कोपरा रेषेपासून २३ मीटरवर. नवीन बांधकाम असते तर हे अंतर पुरले नसते, गावठाणाबाहेर रेषेपासून ३० मीटर मोकळे सोडावे लागतात. जुने आहे म्हणून उभे आहे.

१ फेब्रुवारी, गुरुवार

आधीच्या मालकाने कधीतरी सगळ्या बाहेरच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा फासला होता. दगड आतून ओला, बाहेरून बंद, त्यामुळे मीठ आतल्या बाजूला फुटले आहे. खालच्या खोल्यांत भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी हातावर येते. सिमेंट काढायचे, दरजा खरवडायच्या आणि चुन्यात पुन्हा भरायच्या. महिन्याभराचे काम.

मागच्या दाराच्या वरचे सिमेंट काढताना चौकटीवरच्या आडव्या दगडावर कोरलेले आकडे निघाले. १, ८, २ आणि एक अर्धवट तुटलेला आकडा, बहुधा ४. आम्ही सगळे इतके दिवस घर १८५० च्या सुमाराचे धरून चाललो होतो.

यात फरक काय पडतो? खूप. २००२ च्या पुरातत्त्व कायद्यात १८३० ही रेघ आहे. १८३० पर्यंतची वास्तू प्राचीन स्मारकांत मोडते, तिला वेगळी अधिसूचना लागत नाही. त्यानंतरची असेल तर ती घोषित व्हावी लागते. म्हणजे एका मोडक्या आकड्याने आमची फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेली. मास्तोराने छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘आता चहा प्या, काम संपले.’ तो चेष्टेने म्हणाला, पण दोन महिने तसेच झाले असे समजायला हरकत नाही.

दगडावर १८२४ असेल तर ते साल इद्राच्या इतिहासात साधे नाही. नेपोलियनच्या युद्धांत नाकेबंदी चुकवून धान्य नेणाऱ्या इथल्या जहाजमालकांनी अमाप पैसा केला. बंदराभोवतीचे ते उंच करड्या दगडाचे वाडे, कुंदुरियोतिसचा, तोम्बाझिसचा, त्याच पैशाचे. १८२१ ला स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा तीच जहाजे लढाईत उतरली. युद्ध चालू असताना बंदरापासून दूर कोणी नवे घर का बांधावे? की दगड दुसरीकडून आणून बसवला? पुरातत्त्ववाल्या बाईंनी हाच प्रश्न विचारला. उत्तर अजून कोणाकडे नाही. पण दगड सुटा आहे असे सिद्ध होईपर्यंत घर प्राचीन.

६ मार्च, बुधवार

अथेन्सच्या ऑफिसात बैठक. मालकीणबाई लंडनहून आल्या होत्या. वकीलबाई, आमच्या मुख्य आर्किटेक्ट आणि मी.

मी नकाशा पसरला आणि लाल रेषा दाखवली. थोडा वेळ कोणी बोलले नाही.

‘जहाजसम्राट ओनासिसने स्कॉर्पिओस बेट विकत घेतले, तेव्हा त्याला कोणी रेषा दाखवली होती का?’ मालकीणबाई म्हणाल्या.

‘त्याने १९६३ मध्ये अख्खे बेट घेतले,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘१९६८ ला तिथे जॅकी केनेडीशी लग्न केले, जगभरचे फोटोग्राफर बाहेर नावांत बसून होते. पण कायद्याने त्या बेटाचाही किनारा सर्वांचाच. तुमच्याकडे तर एका बाजूने लोकांची वाट आहे.’

मालकीणबाईंचे म्हणणेही मी लिहून ठेवते, कारण ते खोटे नाही. उन्हाळ्यात लोक त्यांच्या अंगणापर्यंत चढून येतात, कचरा टाकतात, एकदा कोणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी मागितले. ‘मला समुद्र अडवायचा नाही, घर अडवायचे आहे,’ त्या म्हणाल्या. यावर काम करता येते. फाटक पायवाटेवर नको, घराच्या जोत्याच्या पातळीवर घेऊ. वाटेकडून अंगण दिसणार नाही अशी दगडी भिंत, कमरेपेक्षा थोडी उंच. तीही परवानगीने, कारण गावठाणाबाहेर समुद्रापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात कुंपणांवर १९८३ च्या कायद्याने मुळात बंदीच आहे, सूट मागावी लागते.

वेळही अशी की सरकारने याच आठवड्यात किनाऱ्यांचा नवा कायदा आणला आहे, ५०९२ क्रमांकाचा. गेल्या उन्हाळ्यात पारोस बेटावर लोक टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले, खुर्च्या आणि छत्र्यांनी किनारे भरून टाकणाऱ्या व्यावसायिकांविरुद्ध. ते लोण बाकीच्या बेटांवर पसरले. नव्या कायद्यात भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा निम्मा भाग मोकळा ठेवायचा आणि पाण्यापासून चार मीटरच्या आत खुर्ची मांडायची नाही असे आहे. आमच्या जागेशी याचा थेट संबंध नाही. पण आत्ता कोणी धक्क्यावर ‘खाजगी’ पाटी लावली तर दुसऱ्या दिवशी तिचे छायाचित्र सगळीकडे फिरेल.

निर्णय: धक्का नवा नाही. आहे त्यातले पडायला आलेले दगड परवानगी मिळाली तर जागच्या जागी बसवायचे, आणि वकीलबाईंनी स्पष्ट सांगितले की दुरुस्त केला तरी तो वापरायला सर्वांना मोकळा राहील. तलाव रद्द. तलाव मालकीणबाईंनी स्वतःच रद्द केला, डिसेंबरातला तो आकडा वहीत लिहून आणला होता. खोपीचा प्रश्न पुरातत्त्वावर.

बैठकीनंतर जिन्यात त्यांनी मला विचारले, तुमच्याकडे असेच असते का? मी सांगितले, नियम आहेत. अलिबागजवळ किहीमला किनारा नियमन मोडून बांधलेला एक मोठा बंगला २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, तो सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. पण त्याच किनाऱ्यावर आणखी कितीतरी भिंती अजून उभ्या आहेत, हेही सांगितले.

२६ मार्च, मंगळवार

पुरातत्त्वाची हंगामी परवानगी आली: फक्त चुन्याचे काम, टाके आणि छप्पर. दार-खिडक्यांना हात लावायचा नाही.

माल आला. वाळू, पोझोलान, मुरवलेल्या चुन्याच्या बादल्या, सुरखी. चपट्या तळाच्या मालवाहू बोटीने बंदरापर्यंत आणि तिथून खेचरांवर. एका खेचरावर २५ किलोच्या चार गोण्या. बारा घनमीटर वाळू म्हणजे एकोणीस टनांच्या आसपास, म्हणजे एकशे नव्वद फेऱ्या नुसत्या वाळूच्या. मग उलट दिशेने सिमेंटचा राडारोडा. खेचरवाल्याने हिशेब तोंडी केला, माझ्या एक्सेलच्या आधी, आणि बरोबर.

इतक्या फेऱ्यांचा एक फायदा असा की साइटवर काहीही फालतू येत नाही. प्रत्येक गोणी कोणाच्या तरी पाठीवरून येणार म्हटले की नकाशावरच्या अर्ध्या गोष्टी आपोआप पुसल्या जातात.

पोझोलान ही ज्वालामुखीची राख. चुन्यात घातली की मिश्रण पाण्याखालीही आवळते. पूर्वी ही सँटोरिनीहून येई, सुएझ कालव्याच्या बांधकामाला तिथलीच राख गेली. तिथल्या खाणी आता बंद आहेत, आमची मिलोस बेटावरून आली.

१२ एप्रिल, शुक्रवार

मागच्या टप्प्यांचे बांध. कोकणातल्या माणसाला हे गडगेच. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. थोडासा आत झुकलेला, मधे बारीक खडी, दर काही हातांवर आडवा लांब दगड भिंतीत खोल घातलेला. पाणी आरपार जाते म्हणून भिंत फुगत नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने हे कसब ग्रीस धरून आठ देशांच्या नावाने अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मास्तोराला सांगितले तर म्हणाला, यादीत घेतले ते ठीक, पण शिकायला कोण येते?

त्याच्याबरोबरचा मुलगा वीस-बावीसचा, फोनवर फार. पण दगड फिरवून त्याचे ‘तोंड’ शोधायला शिकला आहे. दुपारपर्यंत दोघांनी मिळून चार मीटर भिंत उभी केली.

३ मे, शुक्रवार

ऑर्थोडॉक्स पंचांगात आज गुड फ्रायडे, काम बंद. रात्री कामिनीला गेले. ख्रिस्ताच्या फुलांनी सजवलेल्या पालखीची मिरवणूक वस्तीतून निघते आणि खाली पोचल्यावर पालखी वाहणारे थेट समुद्रात उतरतात, कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात. खलाशांसाठी प्रार्थना होते. सगळे गाव किनाऱ्यावर, छतांवर, नावांत, हातात मेणबत्त्या. मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, लहानपणी त्या आजीबरोबर यायच्या, आणि आमच्याच पायवाटेने यायच्या.

फाटकाचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही, निदान मे महिन्यात तरी.

२१ मे, मंगळवार

टाक्याचा गिलावा. गाळ काढून झाला होता. त्यात एक पितळी बादली, पुष्कळ कौलांचे तुकडे. जुना गिलावा ठोकून पाहिला, निम्मा घट्ट आहे. तो ठेवला. पोकळ वाजला तेवढाच काढला.

पहिला थर जाड, चुना, पोझोलान आणि भरड सुरखी. दुसरा बारीक सुरखीचा. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे कोपरा न ठेवता हाताएवढी गोलाई, म्हणजे तडा जायला जागा राहत नाही आणि साफ करताना गाळ अडकत नाही. प्रत्येक थरानंतर ओले गोणपाट लावून ठेवायचे, कारण मेमध्ये बाहेर हवा कोरडी झाली आहे. टाक्यात खाली मात्र गार आणि दमट, चुन्याला हवे तसे. या कामासाठी महिना चुकून बरोबर लागला.

मास्तोरा म्हणाला, पूर्वी टाक्यात एक ईल मासा सोडत, अळ्या-किडे खायला, आणि तो वर्षानुवर्षे घरच्यासारखा राही. मालकीणबाईंनी ताबडतोब नको म्हटले.

२२ जून, शनिवार

काल रात्री बेटाच्या पश्चिम टोकाला, बिस्तीजवळ, पाइनच्या जंगलाला आग. समुद्रातल्या एका यॉटवरून सोडलेल्या फटाक्यांनी लागली असा संशय, १३ जणांना अटक झाली आहे. तिथे रस्ता नाही, जवानांना समुद्रातूनच पोचावे लागले. सुमारे तीन लाख चौरस मीटर जंगल गेले. बेटावर पाइनचे जंगल म्हणून तेवढेच होते.

आम्हाला झळ नाही, पण धोरण बदलले. टाक्यातले १५ हजार लिटर आता वापरायचे नाहीत. बाहेर काढायच्या नळाची उंचीच अशी ठेवली की त्याखालचे पाणी फक्त आगीच्या पंपाला मिळेल. मागच्या टप्प्यांवरचे वाळलेले गवत दर मेअखेर कापायचे, हे देखभालीच्या कागदात घातले.

१८ जुलै, गुरुवार

उष्णतेची लाट. कामगार मंत्रालयाच्या आदेशाने उघड्यावरचे काम दुपारी बारा ते पाच बंद. तसेही करारात जुलै-ऑगस्टला आवाजाचे काम नाही. सुतार आतल्या तुळया बघतो आहे. दोन तुळयांची भिंतीतली टोके कुजली आहेत, बाकी सायप्रेस झाडाचे लाकूड खणखणीत.

१७ सप्टेंबर, मंगळवार

पुरातत्त्वाचे उत्तर. दगड मूळ जागचाच आहे असे त्यांचे मत पडले, चुन्याचा सांधा अखंड असल्यामुळे. घर आणि खोपी दोन्ही प्राचीन धरल्या. त्याचा अर्थ: खोपी पाडावी लागणार नाही, रेषेत असली तरी. पण तिच्यात खोली, न्हाणीघर, वीज काही नाही. नाव ठेवायला बांधली, नावच ठेवा. पुढच्या भागाला दार लावायचे नाही.

मालकीणबाईंनी फोनवर पहिल्यांदा मोठा उसासा टाकला आणि मग विचारले, ‘नाव कोणाची?’ मी म्हटले, ज्याची असेल त्याची.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पावसाआधी छप्पर धुतले, पन्हळी साफ केल्या. पहिल्या पावसाचे पाणी धूळ-विष्ठेसह बाहेर काढून द्यायची तोटी बसवली, ती मास्तोराने आधीच्या तोटीच्या जागीच बसवली, म्हणजे हीही युक्ती जुनीच. टाक्यात मोजपट्टी लावली आहे, दर सोमवारी छायाचित्र पाठवायचे काम त्या तरुण गवंड्याकडे.

अंगणाची भिंत पूर्ण. पायवाट मोजून १.८ मीटर मोकळी. किनारा आखणी समितीकडे आमची मोजणी दाखल झाली, अंतिम रेषेचा निर्णय यायचा आहे. मालकीणबाईंनी पायवाटेच्या तोंडाशी एक छोटी पितळी पाटी सुचवली आहे, ‘खाजगी मालमत्ता, कृपया वाट सोडू नये’. वकीलबाईंनी पहिले दोन शब्द खोडून परत पाठवली. दगड कोरणाऱ्याला उरलेल्या शब्दांचे माप आज दिले, पाटी पितळी नको, त्याच करड्या दगडाची. धक्क्याच्या दुरुस्तीचा अर्ज अजून प्रलंबित. खेचरवाल्याचे सप्टेंबरचे बिल द्यायचे राहिले आहे.